चारशे माणसं, पण एका पंगतीला पानं किती?

“सर, आमच्याकडे चारशे लोक आहेत. सर्व्हर केवढा घेऊ?”

फायली, चॅट, कॅलेंडर आणि एकत्र बसून डॉक्युमेंट लिहायची सोय असं सगळं एका जागी देणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं ठरलं, की पहिला फोन याच प्रश्नाने सुरू होतो. विचारणाऱ्याची यात चूक नसते. त्याला कोटेशन मागवायचं असतं आणि कोटेशनमध्ये कोअर किती, रॅम किती, डिस्क किती हे तीन रकाने भरावे लागतात. पण “चारशे लोक” एवढ्यावरून ते रकाने भरता येत नाहीत. कुणी भरून दिले, तर ते अंदाजपंचे भरलेत असं समजा.

लग्नाचा आचारी ही गोष्ट पक्की ओळखून असतो. “आठशे माणसं” म्हटलं की तो लगेच पातेली मोजायला बसत नाही. तो विचारतो, मुहूर्त कितीचा? पंगत की बुफे? एका पंगतीला पानं किती? संध्याकाळी सहा ते दहा असं सावकाश रिसेप्शन असेल तर आठशे माणसं निवांत जेवून जातात. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल तर अक्षता पडल्या पडल्या अख्खा मांडव जेवणाच्या हॉलकडे वळतो. माणसं तीच, स्वयंपाक तेवढाच, पण जागा आणि वाढपी यांचं गणित पार बदलतं.

सर्व्हरचंही असंच आहे. एकूण माणसं किती यापेक्षा एका क्षणी पानावर किती जण बसलेत आणि एकेक पान उठायला किती वेळ लागतो, हे कळायला हवं. हे दोन आकडे हाती आले की पुढचं गणित सातवीतलं आहे.

कुणी काही करत नसतानाही

हातात काहीतरी ठोस हवं म्हणून नेक्स्टक्लाउड घेऊ. ओनक्लाउड या प्रकल्पातून फुटून २०१६ साली हा वेगळा झाला. मुक्त स्रोत आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतो. आत पीएचपी या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम, मागे मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस हा डेटाबेस, फायलींच्या कुलपांसाठी आणि कॅशसाठी (सारखं लागणारं हाताशी ठेवायला) रेडिस, आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर फायली सिंक करणारा छोटा क्लायंट, अशी ही घडण. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर घेतलंत तरी विचार करायची रीत बदलत नाही, फक्त आकडे बदलतात.

लॅपटॉपवरचा हा क्लायंट दर ३० सेकंदांनी सर्व्हरला विचारतो, “काही नवीन आलंय का?” मूळ सेटिंग तसंच आहे. चारशेपैकी तीनशे लॅपटॉप चालू आहेत असं धरा. तीनशे भागिले तीस म्हणजे सेकंदाला १० विनंत्या. सगळे चहाला खाली गेलेत, कुणी माउसला हात लावलेला नाही, आणि तरी सर्व्हरवर सेकंदाला १० जण दार वाजवताहेत. काहींच्या मोबाइलवरही ॲप असतं, कुणाकडे दोन लॅपटॉप असतात. म्हणून मी माणसांच्या आधी यंत्रं मोजतो.

२०२१ साली आलेल्या नेक्स्टक्लाउड २१ पासून यावर उपाय मिळाला. क्लायंटने सारखं विचारत बसण्याऐवजी सर्व्हरच बदल झाला की त्याला हाक मारतो. ही सोय वेगळी बसवावी लागते आणि पुष्कळ जण ती बसवत नाहीत. नवीन हार्डवेअरचं कोटेशन मागवण्याआधी ही एक गोष्ट तपासा. तिला पैसे लागत नाहीत.

लिटलसाहेबांचा नियम

आता पंगतीचं गणित कागदावर घेऊ. हॉलमध्ये मिनिटाला ८ माणसं येताहेत आणि प्रत्येकाला जेवून उठायला २५ मिनिटं लागतात. मग कोणत्याही क्षणी ८ गुणिले २५, म्हणजे २०० माणसं पानावर असणार. हॉलमध्ये जागा १५० च असेल तर मिनिटाला फक्त ६ जण उठतील, येणारे मात्र ८. दर मिनिटाला दोघं दाराशी उभे राहतील आणि तासाभरात १२० जण मागच्या खुर्च्यांना धरून तिष्ठत असतील. हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ, म्हणजे आत असणाऱ्यांची संख्या. अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी १९६१ साली याची गणिती सिद्धता दिली, म्हणून हा लिटलचा नियम. माणसं कशीही येवोत, एकेकटी की घोळक्याने, सरासरीला हा नियम लागू पडतो. त्याला फार गृहीतकं लागत नाहीत आणि म्हणूनच तो इतका कामाचा आहे.

नेक्स्टक्लाउडमध्ये वाढप्यांचं काम पीएचपीचे वर्कर करतात. एक वर्कर एका वेळी एकाच विनंतीला वाढतो. ती संपेपर्यंत दुसरीकडे वळत नाही. समजा लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून मोजलं तर सकाळी साडेनऊ ते दहा या वेळात सेकंदाला ५० विनंत्या येतात आणि सरासरी एकीला ०.३ सेकंद लागतो. ५० गुणिले ०.३ म्हणजे १५ वर्कर सतत गुंतलेले.

आणि उबुंटू किंवा डेबियन लिनक्सवर पीएचपी-एफपीएम (हे वर्कर सांभाळणारा प्रोग्रॅम) नुसतं बसवलं, सेटिंगला हात लावला नाही, तर वर्करची कमाल संख्या असते ५.

पाच वाढपी. प्रत्येक जण ०.३ सेकंदात एक पान उरकतो, म्हणजे पाचजण मिळून सेकंदाला साधारण १७. येणाऱ्या ५०. सेकंदाला ३३ विनंत्या रांगेत राहतात आणि मिनिटभरात रांग २००० वर जाते. वर्कर खरे गुंतलेत ते डेटाबेसच्या उत्तराची वाट बघण्यात, त्यामुळे सीपीयू निवांत दिसतो आणि आयटीवाला गोंधळतो, “सर्व्हर तर रिकामा आहे, मग लोकांकडे चकरी का फिरतेय?” १६ कोअरचं यंत्र घेऊन त्याच्या फाटकात एकच माणूस शिरेल एवढी फट ठेवल्यासारखं होतं हे. “सर्व्हर कमी पडतोय” म्हणून मला दाखवलेल्या यंत्रांमध्ये हाच दोष सगळ्यात जास्त वेळा निघाला आहे, म्हणून इतकं थांबून सांगतोय.

मग वर्कर १५ करायचे का? नाही, त्याहून जास्त, आणि त्याचं कारण पुढे येतंच. आपल्या उदाहरणात मी २४ ठेवेन. एकेक वर्कर किती मेमरी खातो ते चालत्या यंत्रावर बघायचं. ८० एमबी निघाली तर २४ वर्करना सुमारे २ जीबी. पण नेक्स्टक्लाउडच्या शिफारशीप्रमाणे एका वर्करला ५१२ एमबीपर्यंत मुभा द्यायची असते. सगळ्यांनी एकाच वेळी ती पुरती वापरली तर १२ जीबी. तसं सहसा होत नाही, पण झालं तर यंत्र कोसळू नये एवढी जागा हवी. डेटाबेस आणि रेडिस त्याच यंत्रावर असतील तर १६ जीबी म्हणजे काठावरचा हिशोब, म्हणून ३२ घ्या. सीपीयूचं असं की त्या ०.३ सेकंदापैकी प्रत्यक्ष आकडेमोड ०.१ सेकंद असेल, तर ५० गुणिले ०.१ म्हणजे ५ कोअर व्यग्र. ८ कोअर घेतले तर साधारण ६२ टक्के वापर. कोटेशनचे दोन रकाने इथे भरले, आणि कशावरून भरले हेही सांगता येतं.

एक धोका मात्र आहे. वाढपी वाढवले म्हणून स्वयंपाकघर मोठं होत नाही. वर्कर २०० केले की ते दोनशेच्या दोनशे डेटाबेसकडे धावतात. पोस्टग्रेस मुळात १०० जोडण्या घेतो, मारियाडीबी १५१. त्यापुढचे दारातून परत फिरतात. मेमरी संपली तर लिनक्स डिस्कलाच मेमरी समजून वापरू लागतो, आणि ०.३ सेकंदाचं काम ३ सेकंदांवर जातं. आता लिटलचा नियम पुन्हा लावा. ५० गुणिले ३ म्हणजे दीडशे वर्कर गुंतलेले. येणारी माणसं एकानेही वाढली नाहीत, फक्त वाढायला वेळ लागू लागला, आणि गरज दहापट झाली. म्हणून डेटाबेसला विचारली जाणारी एखादी हळू चालणारी क्वेरी शोधून दुरुस्त करणं हे अनेकदा नवा सर्व्हर घेण्याइतकंच मोलाचं ठरतं.

सत्तर टक्क्यांनंतर काय होतं

ज्यांना खर्च मंजूर करायचा असतो त्यांना हा भाग पटवणं सर्वांत अवघड जातं. “सर्व्हर ६० टक्केच वापरात आहे, उरलेले ४० टक्के वाया चाललेत” असं वाटणं स्वाभाविक आहे. पण रांगेची वाढ सरळ रेषेत होत नाही.

डेन्मार्कमध्ये आग्नर क्रारुप अर्लांग नावाचे गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत. किती फोन येतील आणि त्यांना किती वाहिन्या पुरतील, या प्रश्नावर त्यांनी १९०९ साली लेख लिहिला आणि रांगांच्या शास्त्राचा पाया तिथे पडला. त्या शास्त्रातलं सगळ्यात साधं सूत्र असं सांगतं: एकच खिडकी, माणसं कधीही येणारी. खिडकी ५० टक्के वेळ व्यग्र असेल तर रांगेतलं थांबणं सरासरी एका माणसाच्या कामाइतकं. ८० टक्के व्यग्र असेल तर चौपट. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. ८० वरून ९५ वर जाताना काम फार वाढलेलं नाही, पण थांबणं जवळजवळ पाचपट झालं.

खिडक्या जास्त असल्या की वळण थोडं उशिरा येतं, पण येतं, आणि आलं की असंच अंगावर येतं. म्हणूनच “काल तर छान चालत होतं, आजच काय झालं?” हा प्रश्न ऐकू येतो. काल वापर ८५ टक्के होता, आज ९४. म्हणून गर्दीच्या वेळी ६०–७० टक्क्यांपलीकडे जाऊ नये असं नियोजन करायचं. मोकळी दिसणारी ती जागा लोकांना चटकन उत्तर मिळावं म्हणून राखलेली आहे.

दोन सर्व्हर शेजारी लावून भार वाटून घेतला असेल तर आणखी एक हिशोब लागतो. दोन्ही ७० टक्क्यांवर चालताहेत आणि एक बंद पडला, तर उरलेल्यावर १४० टक्के येतात. म्हणजे तोही पडणार. दुसरा सर्व्हर आधार म्हणून घेतलाय की भार वाहायला, हे आधीच ठरवा. दोन्ही कामं एकाच पैशात होत नाहीत.

सुट्टीनंतरचा सोमवार

आचाऱ्याला मुहूर्त विचारावा लागतो तसा आपल्यालाही. ऑफिसचा मुहूर्त रोज सकाळी असतो, आणि सगळ्यात मोठा मुहूर्त मोठ्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी.

४ जानेवारी २०२१ हा नववर्षाच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार. अमेरिकेत सकाळ उजाडली आणि लोक कामाला बसले तेव्हा स्लॅक हे चॅटचं सॉफ्टवेअर काही तास जवळपास बंद पडलं. आपल्याकडे तेव्हा रात्र झाली होती. स्लॅकच्या अभियंत्यांनी नंतर सगळा घटनाक्रम मोकळेपणाने मांडला. तो मी या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला सांगतो, कारण क्षमतेच्या नियोजनातल्या बऱ्याच गाठी त्यात एका ठिकाणी दिसतात.

सुट्टीत लोकांच्या संगणकांवरचा जुना साठा शिळा झालेला असतो. परत आल्यावर प्रत्येक क्लायंट नेहमीपेक्षा जास्त माहिती ओढतो. म्हणजे एका वर्षातल्या सर्वांत शांत दिवसांनंतर थेट सर्वांत जड दिवसांपैकी एक येतो. स्लॅक ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालत होतं. तिथल्या निरनिराळ्या जाळ्यांना जोडणारा एक दुवा वाढत्या रहदारीबरोबर पुरेशा वेगाने मोठा झाला नाही आणि डेटाची पाकिटं गळू लागली. मग वेब सर्व्हरवरचे वर्कर मागच्या यंत्रणांच्या उत्तराची वाट बघत थांबले. थांबलेला वर्कर सीपीयू वापरत नाही. सीपीयू उतरलेला पाहून आपोआप यंत्रं कमी-जास्त करणाऱ्या व्यवस्थेला वाटलं काम कमी झालंय, आणि तिने भर गर्दीत काही सर्व्हर काढून टाकले. थोड्या वेळाने “वर्कर किती गुंतलेत” हा दुसरा निकष जागा झाला आणि उलटा प्रकार सुरू झाला. सकाळी ७.०१ ते ७.१५ या चौदा मिनिटांत १२०० सर्व्हर वाढवायचा प्रयत्न झाला. ते तयार करून देणारी यंत्रणा मात्र एवढ्या भाराची नव्हती. एका वेळी किती फायली उघड्या ठेवता येतात याची लिनक्सची मर्यादा तिने ओलांडली, आणि अर्धवट तयार झालेले सर्व्हर उभे राहिले.

पाच वर्करवाल्या आपल्या छोट्या सर्व्हरचंच हे मोठं रूप आहे. सीपीयू शांत, लोक खोळंबलेले. म्हणून मी सीपीयूचा आलेख बाजूला ठेवून आधी वर्कर किती गुंतलेत, रांग किती लांब आहे आणि उत्तराला किती वेळ लागतो हे तीन आलेख बघतो.

वेळ बघताना सरासरीवर विसंबू नका. शंभर विनंत्यांपैकी ९५ ना ०.२ सेकंद लागला आणि ५ ना ८ सेकंद, तर सरासरी निघते ०.६ सेकंदाच्या आत. अहवालात हे उत्तम दिसतं. पण ब्राउझरमध्ये एक पान उघडायला वीस विनंत्या लागत असतील तर तीनपैकी जवळपास दोन पानांत एखादी तरी त्या आठ सेकंदांवाल्यांतली निघते. म्हणून “शंभरातल्या ९५ विनंत्या किती सेकंदांच्या आत उरकल्या” हा आकडा मागा, आणि ९९ चाही मागा.

चॅट, कॉल आणि एकत्र लिहिणं

फायलींची विनंती येते आणि जाते. चॅटचं वेगळं आहे, तिथे प्रत्येक क्लायंट सर्व्हरशी एक जोडणी दिवसभर धरून बसतो. १९९९ साली डॅन केगेल यांनी “एका यंत्रावर दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या” हा प्रश्न मांडला तेव्हा तो खरोखर अवघड होता. २०१२ साली व्हॉट्सॲपने एका सर्व्हरवर २० लाख जोडण्या पेलल्याचं जाहीर केलं. त्यांनी वापरलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेचं नाव अर्लांग, त्याच डॅनिश गणितींवरून आलेलं. त्यामुळे चारशे जोडण्या ही आज चिंतेची बाब नाही. फक्त एका प्रक्रियेला किती फायली आणि जोडण्या उघडता येतात ही लिनक्सची मर्यादा बहुधा १०२४ असते, ती आधीच वाढवून ठेवा.

जड पडतं ते वाटप. चारशे जणांच्या ग्रुपमध्ये “सर्वांना सुप्रभात” लिहिलं की एका संदेशाचे चारशे होतात. नावाशेजारचा तो हिरवा ठिपका त्याहून महाग. सकाळी चारशे जण आले, आणि प्रत्येकाची खबर उरलेल्या ३९९ जणांना द्यायची असं सरळसोट केलं, तर १,५९,६०० निरोप होतात. कुणी एक अक्षर न लिहिता. चांगलं सॉफ्टवेअर ठिपका फक्त समोर दिसणाऱ्या माणसांचाच पाठवतं. सॉफ्टवेअर निवडताना ते हे कसं करतं हे विचारायला हवं.

वीज जाऊन आली किंवा नेटवर्कचा स्विच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की चारशेही क्लायंट एकाच सेकंदाला परत जोडू बघतात. नीट लिहिलेला क्लायंट थोडा थांबतो, प्रत्येक जण वेगवेगळा वेळ थांबतो, आणि पुन्हा अपयश आलं तर आणखी जास्त थांबतो. चाचणी करताना मी हा प्रसंग मुद्दाम घडवतो, कारण नेहमीच्या दिवसात तो दिसतच नाही.

ऑफिसची डॉक्युमेंट ब्राउझरमध्ये उघडायला कोलाबोरा जोडलं असेल तर तिथे माणसं मोजू नका, उघडी डॉक्युमेंट मोजा. प्रत्येक उघड्या डॉक्युमेंटसाठी एक वेगळी प्रक्रिया चालते. एका पत्रावर दहा जण लिहीत असले तरी प्रक्रिया एक, आणि दहा जणांनी दहा एक्सेल उघडल्या तर दहा.

व्हिडिओ कॉल वेगळ्या यंत्रावर ठेवा, याबद्दल माझं मत पक्कं आहे. दहा जणांच्या बैठकीत सर्व्हर प्रत्येकाला उरलेल्या नवांचं चित्र पाठवतो, म्हणजे ९० प्रवाह. एकेक १.५ एमबीपीएसचा धरला तर १३५ एमबीपीएस बाहेर. अशा तीन बैठका एकाच वेळी झाल्या तर ४०५ एमबीपीएस, आणि फायलींच्या वाट्याची तार तेवढीच आखडते.

जागा, आणि ती परत भरायला लागणारा वेळ

डिस्कचा हिशोब लोकांना सोपा वाटतो. चारशे जण गुणिले २० जीबी, झाले ८ टीबी. पण नेक्स्टक्लाउड डिलीट केलेली फाइल मुळात ३० दिवस कचराकुंडीत ठेवतो आणि बदललेल्या फायलीच्या जुन्या आवृत्त्याही राखतो. जिथे रोज ४०० एमबीची ड्रॉइंग दहादा सेव्ह होते तिथे या आवृत्त्याच मूळ फायलींना मागे टाकतात. शिवाय नुसती जीबी पाहू नका, फायलींची संख्या पाहा. प्रत्येक फाइलमागे डेटाबेसच्या एका तक्त्यात एक ओळ असते. एक कोटी छोट्या फायली म्हणजे एक कोटी ओळी, मग त्या सगळ्या मिळून ५०० जीबीच का असेनात. म्हणून डेटाबेस नेहमी एसएसडीवर ठेवायचा. फिरत्या तबकडीची ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला इकडेतिकडे विखुरलेली साधारण ७५ ते १०० वाचनं करते, एनव्हीएमई ही वेगवान एसएसडी लाखांत करते. मोठ्या फायली स्वस्त तबकड्यांवर राहिल्या तरी चालतं.

बॅकअपबद्दल सगळे विचारतात. बॅकअपमधून परत आणायला किती वेळ लागेल हे क्वचितच कुणी विचारतं. १ जीबीपीएस जाळ्यावर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबी मिळतात असं धरा. ८ टीबी परत यायला वीस तास लागतात, तेही मध्ये काही बिघडलं नाही तर. वीस तास ऑफिस बंद ठेवता येईल का, हा प्रश्न मालकांसमोर सर्व्हर घेण्याआधी ठेवावा लागतो, आणि त्याचं उत्तर कोटेशनचा तिसरा रकाना ठरवतं.

दिवाळीचे फोटो

काही वर्षांपूर्वी मी एका ऑफिसची अशी यंत्रणा सांभाळत होतो. हिशोब व्यवस्थित केला होता, वर्कर, मेमरी, डिस्क सगळं. दिवाळीआधीच्या शुक्रवारी ऑफिसमध्ये कार्यक्रम झाला. रांगोळ्या, पारंपरिक पोशाख, फराळ. कुणीतरी प्रेमाने सगळे फोटो आणि व्हिडिओ, मिळून ६ जीबी, सर्वांच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकले आणि लोक सुट्टीवर गेले.

सुट्टीनंतर सोमवारी सकाळी ९.४० ला फोन सुरू झाले. “फाइल उघडत नाहीये.” मी वर्कर पाहिले, सगळे गुंतलेले. सीपीयू १५ टक्के. डिस्क ठीक. मग नेटवर्कचा आलेख उघडला तर तो वरच्या कडेला सपाट चिकटलेला. २८० लॅपटॉप आपापली ६ जीबीची प्रत ओढत होते. २८० गुणिले ६ म्हणजे १६८० जीबी. सर्व्हरची तार १ जीबीपीएसची, म्हणजे सव्वाचार तास. आणि तेवढा वेळ एखाद्याची ४० केबीची एक्सेल फाइलसुद्धा त्याच रांगेत मागे उभी. सर्व्हर बाहेर क्लाउडवर असता आणि ऑफिसची लाइन २०० एमबीपीएसची, तर हेच अठरा-एकोणीस तास चाललं असतं.

त्या दिवशी मी तो फोल्डर सामायिक जागेतून बाहेर काढला आणि वीस मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. पण फोटो टाकणाऱ्या ताई दिवसभर ओशाळल्यासारख्या वावरत होत्या, याचं मला फार वाईट वाटलं. त्यांनी फोल्डरमध्ये फोटो टाकले, आणि फोल्डर त्यासाठीच असतो. “एक मोठी फाइल गुणिले सगळी यंत्रं” हा गुणाकार माझ्या कागदावर असायला हवा होता आणि तो नव्हता. नंतर आम्ही प्रत्येक क्लायंटला डाउनलोडची वेगमर्यादा घातली, मोठे फोल्डर विचारल्याशिवाय सिंक करायचे नाहीत असं सेटिंग केलं आणि सर्व्हरला १० जीबीपीएसचं कार्ड बसवलं.

चाचणीची पद्धतही बदलली. आधी आम्ही लोड टेस्टमध्ये, म्हणजे मुद्दाम भार टाकून बघताना, लॉगिनचं पान हजारदा उघडून बघायचो आणि आकडे पाहून खूश व्हायचो. लॉगिन तर माणूस दिवसातून एकदा करतो. आता लॉगमधून खऱ्या सोमवारच्या विनंत्यांचं प्रमाण काढतो, किती विचारणा, किती अपलोड, किती शोध, किती फोटोंच्या छोट्या प्रती, आणि के-सिक्स किंवा जेमीटर या चाचणीच्या साधनांनी तेच मिश्रण दुसऱ्या यंत्रावरून दीडपट, दुप्पट करून सोडतो. दहा मिनिटांवर थांबत नाही, दोन-तीन तास चालू देतो. हळूहळू गळणारी मेमरी आणि दर पाच मिनिटांनी चालणारी पार्श्वभूमीची कामं एरवी दिसत नाहीत. चाचणी खऱ्या एवढ्याच डेटावर करतो, कारण हजार फायलींवर धावणारा शोध एक कोटी फायलींवर वेगळाच वागतो.

आणि माणसं अचानक वाढतात हेही धरतो. मार्च २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्सचे रोजचे वापरकर्ते एका आठवड्यात ३.२ कोटींवरून ४.४ कोटींवर गेले. झूमच्या बैठकांत डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त १ कोटी सहभागी असत, मार्चमध्ये ते २० कोटी झाले. आपल्या चारशेंचे आठशे व्हायला महामारी लागत नाही, एखादी शाखा जोडली गेली तरी पुरतं. नवं यंत्र मागवून, बसवून, चालू करायला जितके आठवडे लागतात, तितक्या आठवड्यांची वाढ आधीच हाताशी ठेवतो.

पुढच्या दिवाळीत त्याच ताईंनी ९ जीबीचे फोटो टाकले. सुट्टीनंतरच्या सोमवारी मी ९ वाजताच आलेख उघडून बसलो होतो. ९.३५ ला नेटवर्क ३ जीबीपीएसवर गेलं, गुंतलेले वर्कर १९ झाले, ९५ टक्के विनंत्या ०.७ सेकंदाच्या आत उरकत होत्या. पावणेअकरापर्यंत आलेख खाली आला. फोन एकही वाजला नाही. अकराला त्या ताई डबा घेऊन आल्या, त्यात उरलेल्या करंज्या होत्या.